तारपावाला कुठे उभा असतो?

सहावी ते आठवीच्या कॅडेटना दर वर्षी चित्रकलेचा एक प्रकल्प करावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी करायचा, ट्रंकेत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जपून आणायचा आणि शाळा सुरू झाली की हॉलमध्ये मांडायचा. त्यातले बरेच प्रकल्प वारली चित्रांचे असतात. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ जमली की वारली जमली, असे सगळ्यांना वाटते. मलाही तसेच वाटत होते. सातवीत माझ्या वारली चित्राला पहिला क्रमांक मिळाला आणि प्रमाणपत्र घरी गेले.

ते चित्र चुकीचे होते. चूक कोणती, ती कोणी दाखवली आणि त्यानंतर मी वारली चित्रांबद्दल काय शिकलो, हे ज्युनियर्सच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

घरातले चित्र

आमचे घर फरीदाबादला आहे. हे हरियाणातले, दिल्लीला लागून असलेले कारखान्यांचे शहर. तिथे सूरजकुंड नावाचे पायऱ्यापायऱ्यांचे जुने कुंड आहे. दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपाल याने ते बांधले असे मानतात. या कुंडाजवळ १९८७ पासून हस्तकलांचा मोठा मेळा भरतो. देशभरातले कारागीर तिथे गाळे लावतात आणि दर वेळी एखाद्या किंवा काही राज्यांना विशेष मान असतो. २०१९ च्या फेब्रुवारीत तो मान महाराष्ट्राला होता. मी तेव्हा तिसरीत होतो. फरीदाबादमध्ये एवढी मराठी माणसे एका जागी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकली. आई तर प्रत्येक गाळ्यावर "तुम्ही कुठले?" असे विचारत होती.

एका गाळ्यावर वारली चित्रे होती. बाबांनी त्यातले एक छोटे चित्र घेतले. गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढऱ्या रंगात तारपा नाच होता. ते चित्र आमच्या घरी चपलांच्या कपाटावर लागले. सातवीच्या सुट्टीत प्रकल्प करायची वेळ आली तेव्हा मी स्टूल ओढले, समोर बसलो आणि ते चित्र कार्ट्रिज पेपरवर उतरवून काढले.

त्यात एक अडचण आली. मी नाचणारी माणसे जरा मोठी काढली होती. त्यामुळे वर्तुळाच्या आत तारपा वाजवणाऱ्या माणसाला जागाच उरली नाही. मी त्याला उचलून कागदाच्या खालच्या कोपऱ्यात नेले, तोंड बाहेरच्या बाजूला केले आणि वर एक झाड काढून दिले. कोपरा भरला म्हणून मला उलट बरेच वाटले. शिवाय उरलेल्या रंगात आईच्या पेनस्टँडवर चौकोनी नक्षी काढली आणि तीही प्रकल्पाबरोबर मांडली.

चूक कोणी दाखवली

माझ्या वर्गात डहाणू तालुक्यातला एक मुलगा आहे. तो स्वतः वारली समाजाचा आहे. त्याच वर्षी त्यानेही चित्र दिले होते. त्यात भाताचे खळे होते, मधे खांब, खांबाभोवती बैल, बाजूला पाच-सहा माणसे. बाकी कागद मोकळा. माझ्या चित्रात माणसे, झाडे, मोर, सूर्य, डोंगर सगळे गच्च भरलेले होते. माझ्या चित्रासमोर गर्दी होती, त्याच्या चित्रासमोरून मीसुद्धा न थांबता पुढे गेलो.

बक्षीस मिळाले त्या रात्री लाइट्स आउटच्या आधी तो माझ्या बेडजवळ आला. म्हणाला, "छान काढलंस. पण तुझा तारपावाला रुसून बसलाय का?"

मला कळले नाही. मग त्याने सांगितले. तारपा हे लांब वाद्य असते. वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून ते करतात. भात कापणीला आले की ते वाजू लागते. वाजवणारा मध्ये असतो आणि बाकीचे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात. तो सूर बदलतो तसे पाय बदलतात. नाचताना तारप्याकडे कोणी पाठ करत नाही.

"आपल्या परेडमध्ये कमांड देणाऱ्याला मैदानाबाहेर झाडाखाली बसवलं, तोंड भिंतीकडे करून, तर कसं दिसेल? तसं दिसतंय ते."

मला हसू आले आणि लाजही वाटली. मग तो पेनस्टँडबद्दल बोलला, तेव्हा मात्र तो हसत नव्हता. मी नक्षी म्हणून काढलेला तो चौकोन म्हणजे लग्नाचा चौक होता. "आमच्याकडे चौक लिहितात. लग्न असलं तरच. आत देवी असते. तू तिच्यावर पेनं ठेवलीस."

त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. मीही कुणाला सांगितले नाही. पहिला क्रमांक परत कसा करायचा आणि केला तर सगळे काय म्हणतील, हे मला ठरवता आले नाही. पुढची दोन वर्षे मी तसाच गप्प राहिलो.

वारली चित्रांबद्दल माहीत असायला हवे ते

नंतर मी लायब्ररीत आणि त्या मित्राला विचारून जे गोळा केले, ते थोडक्यात देतो.

वारली हा प्रामुख्याने आजच्या पालघर जिल्ह्यातला आणि त्याला लागून असलेल्या गुजरात, दादरा-नगर हवेली या भागांतला आदिवासी समाज आहे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, त्याआधी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. घराच्या भिंती कारवीच्या काड्यांच्या, त्यावर माती आणि शेणाचा लेप, वर गेरू. या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढत. ती रोज काढायची नसत. लग्नाच्या वेळी सवाष्णी भिंतीवर चौक लिहीत. चौकोनाच्या आत पालघाट ही देवी असते. झाडे, पशू, माणसे हे सगळे तिच्या भोवती येते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही कला मुळात बायकांची आणि विधीची होती. लग्न झाले, पाऊस पडला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले. खाली कोणाची सही नसे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. त्यांनी गावकऱ्यांना कागद आणि रंग दिले. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर काढायला सुरुवात केली. त्यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणेच सोडले होते आणि ते मातीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याबद्दल सांगतात. लग्नाचे कारण नसताना, रोज चित्र काढणारा पुरुष, ही तिथे नवी गोष्ट होती. त्यांनी मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, शेत, नाच असे रोजचे जग काढले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले. आज साड्यांवर, कपांवर, रेल्वे स्टेशनांवर जी वारली दिसते, तिचा रस्ता त्यांच्या कागदावरून गेला आहे. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

आकार तीनच. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आले आणि त्रिकोण डोंगरावरून, असे सांगतात. चौकोन मात्र माणसाने आखलेला, देवीसाठी किंवा शेतासाठी. माणसाचे शरीर म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण.

करून पाहायचे असेल तर

पार्श्वभूमी: कार्ट्रिज पेपर किंवा जाड खाकी कागद घ्या. गेरू पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घाला आणि सपाट ब्रशने एकदा आडवा, वाळल्यावर एकदा उभा हात द्या. डिंक घातला नाही तर गेरू बोटाला लागतो.

पांढरा रंग: तांदळाचे बारीक पीठ, पाणी आणि थोडा डिंक. ताकापेक्षा थोडे दाट हवे. फार दाट केले तर वाळल्यावर खपल्या पडतात. ओले असताना रेघ फिकट दिसते, वाळली की उजळते. म्हणून फिकट दिसली तरी लगेच दुसरा हात देऊ नका, पाच मिनिटे थांबा. पीठ नसेल तर पांढरा पोस्टर कलर चालतो.

काडी: बांबूची बारीक काडी घेऊन एक टोक ठेचा किंवा चावा, म्हणजे तंतू सुटून ब्रश होतो.

माणूस: आधी वरचा त्रिकोण, टोक खाली. मग खालचा, टोक वर. दोन टोके जिथे मिळतात ती कंबर. चाल याच कंबरेत असते. दोन्ही त्रिकोण सरळ एकाखाली एक ठेवले तर माणूस सावधान उभा राहतो. वरचा थोडा पुढे कलवला की तो चालू लागतो, जास्त कलवला की ओझे उचलतो. मी माझ्या जुन्या चित्रात मोजले, तेवीस माणसे होती आणि तेवीसही सावधान! नाच चालू असताना!

पेन्सिलने आधी काढू नका. काडीने थेट काढा, चुकले तर चुकू द्या. रेघ हलली तरी माणूस जिवंत दिसतो.

काय काढायचे: इथे माझ्या मित्राने सांगितलेला नियम सांगतो. तारपा नाच पाहिला नसेल तर काढू नकोस. तू जे पाहिले आहेस ते काढ. आणि चौक नक्षी म्हणून वापरू नकोस.

फरीदाबादचा कागद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. आमच्या सोसायटीत सहावी ते आठवीची आठ मुले आहेत. त्यांनाही शाळेचा कलेचा प्रकल्प होता आणि त्यांच्या आयांनी मला पकडले. "तुझा पहिला नंबर आला होता ना?" हे ऐकून मला घाम फुटला. मी ठरवले की या वेळी नीट करायचे.

आम्ही सहा फूट लांब खाकी कागद क्लब हाउसच्या फरशीवर पसरला आणि गेरूने रंगवला. मी सांगितले, "मोर काढायचा नाही, नाच काढायचा नाही. सकाळपासून आत्तापर्यंत जे पाहिलं ते काढा." सुरुवातीला सगळे रुसले. मग एकाने मेट्रोचा खांब काढला. एकाने ट्रॅक्टर काढला, त्याचे वडील ट्रॅक्टरच्या कारखान्यात आहेत. एकाने पराठ्याची गाडी आणि तिच्यापुढची रांग काढली. रांगेत एकच माणूस पुढे कललेला होता. मी विचारले तर म्हणाला, "याला उशीर झालाय." मला त्या मुलाचा हेवा वाटला. माझ्या तेवीस माणसांपैकी एकालाही कुठे जायचे नव्हते.

सातवीतल्या एका मुलीचे घर मूळचे दरभंग्याचे. तिने मधेच काडी खाली ठेवली आणि सांगितले की तिची दादी गावी लग्नात भिंतीवर असेच काढते, त्याला कोहबर म्हणतात. त्यात कमळ असते, बांबू असतो, आणि तेसुद्धा लग्नाच्या खोलीतच. तिने दादीला फोन लावला. दादीने पहिला प्रश्न विचारला, "पीठ किसका है? चावल का?"

मला तेव्हा एक गोष्ट आठवली, ती मी मुलांना सांगितली. वारलींना कागद देणारे भास्कर कुलकर्णी त्याआधी बिहारमध्ये मिथिलेला गेले होते. १९६६-६७ च्या दुष्काळात बायकांना मिळकत व्हावी म्हणून हस्तकला मंडळाने त्यांना पाठवले होते आणि तिथेही त्यांनी भिंतीवर काढणाऱ्या बायकांना कागद दिले. मधुबनी चित्रे कागदावर आली ती त्या काळात. म्हणजे एकच माणूस दोन्ही ठिकाणी कागद घेऊन गेला. आणि आता दोन्हीकडची मुले फरीदाबादच्या एका फरशीवर एकाच कागदावर वाकली होती. त्या मुलीने कोहबर काढला नाही. म्हणाली, "लग्न नाहीये ना." हे तिला मी शिकवले नव्हते. मी तर त्याच वयात चौकावर पेने ठेवली होती.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कागद लिफ्टसमोर लावला. प्रत्येकाने आपल्या भागाखाली नाव, इयत्ता आणि "मी हे कुठे पाहिले" असे लिहिले. शेवटी एक ओळ सगळ्यांची होती: ही पद्धत महाराष्ट्रातल्या वारली समाजाची आहे. पाहायला आलेल्या लोकांना मुलांनी आधी "छान" म्हणू दिले नाही. आधी काय दिसते ते सांगायचे, मग प्रश्न विचारायचा, मग मत द्यायचे. शेजारच्या आजोबांना पराठ्याची रांग बसची रांग वाटली. ज्याने काढली होती त्याने लगेच तव्यावर वाफेच्या तीन रेघा वाढवल्या.

घरी आल्यावर मी चपलांच्या कपाटावरचे चित्र पुन्हा पाहिले. तारपावाला बरोबर मध्ये उभा होता. सगळ्यांची तोंडे त्याच्याकडे होती. दर सुट्टीत बूट घालताना मी त्याच्यासमोर बसत आलो होतो.

कॅडेटना याचा काय उपयोग

काही जण म्हणतील, आपल्याला एनडीएला जायचे आहे, चित्रकला कशाला? त्यांनी एसएसबीच्या पहिल्या टप्प्यातली चित्राची चाचणी आठवावी. तिथे एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. मग ती गटात मांडावी लागते आणि दुसऱ्यांची ऐकून घ्यावी लागते. पाहणे, सांगणे, ऐकणे, तीनही गोष्टी कलेच्या प्रकल्पात आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षेला बसणाऱ्यांना स्मरणचित्राच्या पेपरमध्येही हेच उपयोगी पडते. न पाहिलेली माणसे आठवून काढता येत नाहीत.

शाळेतल्या प्रदर्शनासाठी माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक प्रकल्पाखाली "कुणाकडून शिकलो" ही ओळ असावी. वर्गातल्या प्रत्येकाने निदान एका चित्रासमोर पूर्ण दोन मिनिटे थांबावे आणि काय दिसले ते लिहून त्या कॅडेटला द्यावे. आणि नंबर काढण्याआधी परीक्षकांनी प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा. मला कोणी एवढेच विचारले असते की "हा कोपऱ्यातला माणूस कोण?", तर मी गडबडलो असतो.

दिवाळीनंतर शाळेत आल्यावर मी चित्रकलेच्या सरांना सगळे सांगितले. प्रमाणपत्र परत देऊ का, असेही विचारले. सर म्हणाले, "ते राहू दे तुझ्याकडे. जे मला सांगितलंस ते मराठी पानासाठी लिहून दे." आधी मी मित्राला विचारले. तो म्हणाला, "लिही. पण माझं नाव नको, आणि खळ्याचं चित्र नीट बघून लिही."

ते चित्र त्याने ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते. आम्ही ते प्रेपनंतर बेडवर पसरले. खांबाजवळ काठी धरलेला माणूस त्याचे आजोबा आहेत. एका पायात ते थोडे लंगडतात, म्हणून त्यांचा खालचा त्रिकोण तिरका आहे. सूप घेतलेली त्याची आई. कडेला एक लहान माणूस सगळ्यांपासून थोडा दूर, हातात चौकोनी काहीतरी घेऊन उभा आहे. तीन वर्षांपूर्वी मी त्या चित्रासमोरून पुढे गेलो होतो. या वेळी विचारले, "हा कोण?"

"मी. ती ट्रंक आहे. शाळेला निघालोय."